गाऊटची गोळी, कर्करोगाचे औषध आणि मधले एक एन्झाइम

काही महिन्यांपूर्वी एक काका तपासणीसाठी आले होते. मोठ्या आतड्याच्या जुनाट सुजेसाठी (अल्सरेटिव्ह कोलायटिस) ते तीन वर्षांपासून ॲझाथायोप्रिनची गोळी घेत होते. मध्येच पायाचा अंगठा सुजला, युरिक ॲसिड वाढलेले निघाले आणि दुसरीकडून त्यांना ॲलोप्युरिनॉल लिहून मिळाले.

"पोटाची गोळी चालू आहे हे तिथे सांगितलंत का?" मी विचारले.

"अंगठ्याचा आणि पोटाच्या गोळीचा काय संबंध, डॉक्टर?"

नशिबाने नवी गोळी अजून सुरू झाली नव्हती. या दोन गोळ्यांचा संबंध खूप जवळचा आहे. दोन्हींचा जन्म एकाच प्रयोगशाळेतला आणि एकाच कल्पनेतला. ती गोष्ट कळली, की आपण चालू असलेली सगळी औषधे डॉक्टरांना का सांगायची हे वेगळे समजवावे लागत नाही.

डीएनएच्या विटा

१८६९ साली जर्मनीतील ट्युबिंगेन येथे फ्रीडरिश मीशर या तरुण डॉक्टरने जखमांच्या पट्ट्यांवरचा पू गोळा केला. त्यातील पेशींच्या केंद्रकातून त्याने एक नवाच पदार्थ वेगळा काढला. तोच पुढे डीएनए म्हणून ओळखला गेला. नंतर आल्ब्रेख्ट कोसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे घटक शोधले. त्यासाठी कोसेल यांना १९१० चे नोबेल मिळाले.

डीएनएची भिंत चार प्रकारच्या विटांनी बांधलेली असते असे समजा : ॲडेनिन, ग्वानिन, सायटोसिन आणि थायमिन. पहिल्या दोन विटा 'प्युरिन' जातीच्या. पेशीचे विभाजन होताना सगळ्या डीएनएची नक्कल करावी लागते, म्हणजे नव्या विटांचा ढीग लागतो. विटा घडवणे, रचणे आणि जुन्या विटा मोडीत काढणे ही कामे करणारे कारागीर म्हणजे एन्झाइम (विकर).

यातले एक नाव लक्षात ठेवा : झँथिन ऑक्सिडेज. प्युरिनच्या मोडतोडीतील शेवटच्या पायऱ्या हे एन्झाइम करते. त्यातून उरणारा कचरा म्हणजे आपले ओळखीचे युरिक ॲसिड.

खोट्या विटा

१९४२ साली जॉर्ज हिचिंग्ज न्यूयॉर्कजवळील टकाहो येथे बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. डीएनएची रचना अजून कोणालाच माहीत नव्हती. तरी त्यांचा तर्क साधा होता : कर्करोगाच्या पेशी आणि जंतू झपाट्याने वाढतात, त्यांना विटा जास्त लागतात. मग खऱ्यासारख्या दिसणाऱ्या पण बिघडलेल्या विटा त्यांना दिल्या तर?

१९४४ मध्ये गर्ट्रूड एलियन त्यांच्याकडे आल्या. त्या पंधरा वर्षांच्या असताना त्यांचे आजोबा कर्करोगाने गेले होते आणि तेव्हाच त्यांनी रसायनशास्त्राची वाट धरली होती. पण बाई म्हणून प्रयोगशाळेत नोकरी मिळेना. काही काळ त्यांनी लोणच्याचा आंबटपणा आणि मेयोनीजचा रंग तपासण्याचे काम केले. नोकरी सांभाळून सुरू केलेली पीएचडीही सोडावी लागली, कारण विद्यापीठाने पूर्णवेळ येण्याची अट घातली.

एलियन यांच्याकडे प्युरिनचे काम आले. शंभराहून अधिक रसायने बनवून त्यांनी ती जंतूंवर तपासली. त्यातले एक होते ६-मर्कॅप्टोप्युरिन. खऱ्या प्युरिनमध्ये जिथे ऑक्सिजनचा अणू असतो, तिथे त्यांनी गंधकाचा अणू बसवला होता. पेशीतले एन्झाइम फसते, ही वीट उचलते आणि बांधकाम बिघडते.

त्या काळी तीव्र ल्युकेमिया झालेली निम्मी मुले तीन-चार महिन्यांतच दगावत. या औषधाने मुले सुधारू लागली आणि आयुष्याचा तो मध्य सुमारे बारा महिन्यांवर गेला. १९५३ मध्ये औषधाला मान्यता मिळाली. मात्र बहुतेक मुलांचा आजार पुन्हा उलटत असे. खरे यश अनेक औषधे एकत्र देऊ लागल्यावर आले. आज चांगल्या केंद्रांत लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची दहापैकी आठांहून अधिक मुले बरी होतात आणि त्यांच्या उपचारात हीच गोळी महिनोन्‌महिने घरी घ्यावी लागते.

मोडणारे एन्झाइम अडवले तर?

एक अडचण होती. झँथिन ऑक्सिडेज खरी वीट मोडते, तशीच ही खोटीही मोडून टाकते. ते एन्झाइमच अडवले तर औषध जास्त टिकेल, या विचाराने ॲलोप्युरिनॉल वापरून पाहण्यात आले. ड्यूक विद्यापीठातील डॉ. वेन रन्डल्स यांनी ते ल्युकेमियाच्या रुग्णांना दिले. ६-मर्कॅप्टोप्युरिनचा जोर वाढला, पण त्याच प्रमाणात विषारीपणाही वाढला. म्हणजे पदरात काहीच पडले नाही.

मात्र एक गोष्ट ठळक दिसली : रुग्णांचे युरिक ॲसिड घटले होते. कचरा तयार करणारा कारागीरच थांबला होता ना! १९६६ मध्ये ॲलोप्युरिनॉल गाऊटचे औषध म्हणून मान्य झाले आणि ते आजही वापरात आहे.

याच कामातून आणखी औषधे निघाली. शरीरात गेल्यावर ६-मर्कॅप्टोप्युरिनमध्ये रूपांतर होणारे ॲझाथायोप्रिन प्रतिकारशक्तीला लगाम घालते. त्यामुळे १९६० च्या दशकात नात्याबाहेरच्या दात्याचे मूत्रपिंड बसवणे शक्य झाले. नागिणीवर आपण देतो ते ॲसायक्लोव्हिरही अशीच एक खोटी वीट. विषाणूचे स्वतःचे एन्झाइमच तिला कामाला लावते, म्हणून निरोगी पेशींना तिचा त्रास कमी होतो. १९८८ मध्ये एलियन आणि हिचिंग्ज यांना जेम्स ब्लॅक यांच्यासह नोबेल मिळाले. एलियन यांची पीएचडी अपुरी राहिली ती राहिलीच.

तुमच्यासाठी महत्त्वाचे

रन्डल्स यांना जे दिसले, तेच काकांच्या बाबतीत घडू शकले असते. ॲलोप्युरिनॉलमुळे ॲझाथायोप्रिन शरीरात साचते आणि अस्थिमज्जा दबते. पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स कमी होऊन जीवघेणा संसर्ग किंवा रक्तस्राव होऊ शकतो.

• ॲझाथायोप्रिन किंवा ६-मर्कॅप्टोप्युरिन चालू असेल, तर गाऊटची कोणतीही गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. फेब्युक्सोस्टॅटही तेच एन्झाइम अडवते.

• दोन्ही औषधे द्यावीच लागली, तर ॲझाथायोप्रिनचा डोस साधारण पाव ते एक तृतीयांश इतका कमी करून वारंवार रक्त तपासतात. हे घरी स्वतःहून करू नका.

• ताप, तोंडात फोड, अंगावर निळे डाग किंवा हिरड्यांतून रक्त दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

• काहींमध्ये ही औषधे निकामी करणारी एन्झाइम (टीपीएमटी, एनयूडीटी१५) जन्मतःच कमजोर असतात. त्यांना नेहमीचा डोसही जास्त होतो. यासाठी तपासणी उपलब्ध आहे. तुमच्या डॉक्टरांना विचारा.

काकांची नवी गोळी मी थांबवली, पोटाच्या डॉक्टरांशी फोनवर बोललो आणि मगच पुढचे ठरवले. आता त्यांच्या खिशात सगळ्या औषधांची यादी असते. तुमच्याही खिशात असू द्या.