दमामागचा आकडा

बारामती-इंदापूरकडे जिना चढताना धापणारी बाई ‘दम लागतो’ एवढंच सांगते. दमा, रक्त कमी असणं, हृदयाची बिघडलेली झडप, सगळं या शब्दात मावतं. त्यातच एक दुर्मीळ आजार दडून राहतो, पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन. हृदयाकडून फुप्फुसात रक्त नेणाऱ्या धमन्या अरुंद होतात, आतला दाब वाढतो आणि हृदयाची उजवी बाजू थकत जाते. दंडाला पट्टा बांधून हा दाब कळत नाही. म्हणून या आजाराचा इतिहास मुळात मोजमापाचा इतिहास आहे.

१८९१ मध्ये जर्मन डॉक्टर अर्न्स्ट फॉन रोमबर्ग यांना अशा धमन्या शवविच्छेदनात दिसल्या. जिवंत माणसाच्या हृदयात शिरायची वाट १९२९ मध्ये सापडली. वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली. आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी त्यातून मापनाची पद्धत घडवली. १९५६ चं नोबेल तिघांना मिळालं.

पुढे अमिनोरेक्स या भूक मारणाऱ्या गोळीमुळे स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत रुग्ण अचानक वाढले. त्यानंतर १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची जिनिव्हात बैठक झाली. फुप्फुसांतल्या सरासरी दाबाची मर्यादा २५ मिलिमीटर ठरली. २०१८ मध्ये ती २० वर आणली गेली.

उपचार उशिरा आले. १९८० च्या दशकातल्या अमेरिकी नोंदींनुसार निम्मे रुग्ण निदानानंतर तीन वर्षांच्या आतच दगावत. १९९५ मध्ये तिथे एपोप्रोस्टेनॉल मंजूर झालं, पण ते शरीरात काही मिनिटांतच विरतं. म्हणून छातीतल्या नळीतून पंपाने रात्रंदिवस द्यावं लागतं. २००५ मध्ये सिल्डेनाफिलची साधी गोळी या आजारासाठी मान्य झाली. भारतात १९७० च्या कायद्यानुसार पेटंट औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीला मिळे. २००५ पर्यंत हेच चाललं. त्यामुळे इथल्या कंपन्या ती गोळी आधीपासूनच बनवत होत्या.

पण तिची ख्याती व्हायग्रा म्हणून. आजार बायकांत जास्त, आणि गावातल्या मेडिकलवर चिठ्ठी पुढे करताना संकोच त्यांनाच गिळावा लागतो.

गोळी जवळ आली, आकडा अजून लांबच आहे. इको केल्यावर अंदाज येतो, खात्री मात्र फोर्समानच्या वाटेने, कॅथ लॅबमध्येच होते. दम्याची औषधं घेऊनही धाप हटत नसेल, तर ‘इको करायचा का?’ एवढं डॉक्टरांना विचारायला हवं.