अतिरिक्त सौरविजेवर पाणी तापवणे

सार्वजनिक वीजजाळ्याशी (ग्रिडशी) न जोडलेल्या सौर विद्युत संचात बॅटरी पूर्ण भरल्यानंतर शिल्लक राहणारी वीज टाकीतील विद्युत तापकाकडे वळवून पाणी गरम केले जाते. असे संच कमी उन्हाच्या दिवसांचा विचार करून मोठे बसवलेले असतात. त्यामुळे निरभ्र दिवशी दुपारपर्यंत बॅटरी भरते आणि पुढील उन्हाला काम उरत नाही.

ही वीज ‘वाया जाते’ असे म्हटले जाते, ते तितकेसे अचूक नाही. बॅटरी भरत आली की प्रभार नियंत्रक (चार्ज कंट्रोलर) पॅनेलकडून कमी प्रवाह घेतो आणि न घेतलेली वीज निर्माणच होत नाही. पवनचक्की व लघुजलविद्युत संचांत मात्र भार एकाएकी काढल्यास यंत्राचा वेग धोकादायक रीतीने वाढू शकतो. तेथे वीज जिरवणारा तापक हे सुरक्षेचे साधन असते. सौर संचात तो ऐच्छिक असतो.

साठवण

१०० लिटर पाणी २५ अंश सेल्सियसवरून ६० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ४ युनिट (किलोवॉट-तास) ऊर्जा लागते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत नाममात्र १.८ युनिट मावतात, आणि शिसे-आम्ल बॅटरीतून त्यातील निम्मीच वीज नियमितपणे काढणे हिताचे असते. टाकीतील उष्णतेची पुन्हा वीज होत नाही, हा या स्वस्त साठवणीतील उणेपणा होय.

तापकाची निवड

तापकाची शक्ती व्होल्टतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर २,००० वॉट देणारा घरगुती गीझरचा तापक ४८ व्होल्टच्या बॅटरीला थेट जोडल्यास जेमतेम ८७ वॉट देतो. म्हणून एकतर इन्व्हर्टरमार्फत वीज द्यावी लागते किंवा कमी व्होल्टतेसाठी बनवलेला तापक घ्यावा लागतो.

बॅटरी वगळून पॅनेल थेट तापकाला जोडण्याची रीतही आढळते. तिच्यात ऊन निम्मे झाले की प्रवाह निम्मा होतो, त्याबरोबर तापकावरील व्होल्टताही निम्म्यावर येते आणि मिळणारी शक्ती जवळजवळ एक चतुर्थांश उरते. पॅनेल त्या वेळी निम्मी शक्ती देऊ शकत असते. हा तोटा महत्तम शक्तिबिंदू साधणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मंडलाने टाळता येतो.

नियंत्रण आणि धोके

वीज केव्हा वळवावी, हा कळीचा प्रश्न आहे. शिसे-आम्ल बॅटरीचा प्रभार पूर्ण होण्याआधीच तापक वारंवार चालू झाल्यास तिच्या पट्टिकांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर साचतो व आयुष्य घटते. अशाने गरम पाणी बॅटरीच्या किमतीत पडते. त्यासाठी चालू आणि बंद होण्याच्या व्होल्टतेत पुरेसे अंतर ठेवतात.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. ५० हर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडणारी ठिणगी विझते. एकदिश प्रवाहात ती टिकून राहते. साध्या गीझरच्या थर्मोस्टॅटचे संपर्क वितळून एकमेकांस चिकटू शकतात आणि पाणी उकळेपर्यंत तापक चालूच राहतो. म्हणून थर्मोस्टॅटने केवळ एकदिश प्रवाहासाठी बनवलेला रिले हाताळावा. दाब व तापमान मर्यादित करणारी सुरक्षा-झडप तरीही आवश्यकच असते.

वीज थोडी मिळाली की पाणी दिवसेंदिवस कोमट राहते. साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात. त्यामुळे साठवणीचे पाणी ६० अंशांपर्यंत नेण्याची शिफारस केली जाते.

प्रत्यक्ष वापर

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील एग बेटावर २००८ पासून जल, पवन व सौर ऊर्जेवर चालणारे स्वतंत्र वीजजाळे आहे. तेथील अतिरिक्त वीज सार्वजनिक इमारती उबदार ठेवणाऱ्या विद्युत तापकांना दिली जाते. तत्त्व तेच, फक्त टाकीच्या जागी इमारत.

केवळ गरम पाण्यासाठी नव्याने पॅनेल घ्यायची असल्यास हिशोब बदलतो. पॅनेल उन्हातील साधारण एक पंचमांश ऊर्जेचीच वीज करते, तर छपरावरील सौर जलतापक निम्म्याच्या आसपास ऊर्जा थेट पाण्याला देऊ शकतो. मात्र कडाक्याच्या थंडीत जलतापकाच्या नळ्या गोठून फुटू शकतात. तारांना ते भय नसते.