उत्पन्नक्षमतेची हानी (मोटार अपघात दावा)

उत्पन्नक्षमतेची हानी हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खालील दाव्यात जखमी अर्जदाराच्या वकिलाच्या युक्तिवादाचा प्रमुख मुद्दा असतो. अपंगत्वाची टक्केवारी म्हणजेच उत्पन्नातील घट नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने राज कुमार विरुद्ध अजय कुमार (२०१०) या खटल्यात स्पष्ट केले. डावा हात गमावलेल्या सुताराचे उत्पन्न जवळजवळ पूर्ण बुडू शकते. सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणून अपघातापूर्वीचा व्यवसाय, वय व उत्पन्न पुराव्याने सिद्ध करावे लागते. केवळ अपंगत्वाचे प्रमाणपत्र दाखल करणे पुरेसे नसते. उपचार किंवा तपासणी केलेल्या डॉक्टरला उलटतपासणीसाठी उपस्थित करावे लागते. वार्षिक हानीस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून भावी नुकसान काढतात; २१ ते २५ वर्षे वयासाठी हा गुणक १८ आहे.