शेजारच्या घराची किल्ली

दसरा झाला की आमच्या आळीत दारोदार कुलपं दिसायला लागतात. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगरातलं, सगळं कोरडवाहू. सोनं वाटून झालं की मुकादमाचा निरोप येतो, उचल घेतलेली माणसं बोचकी बांधतात, आणि निम्मं गाव ऊसतोडीला निघून जातं. ते परत येतं कारखान्याचा पट्टा पडल्यावर, पाडव्याच्या आगंमागं, कधी अक्षय तृतीया उजाडते. तोवर पाच-सहा महिने त्यांची घरं मागं राहिलेल्यांनी बघायची. माझ्या देवळीत खिळ्याला यंदा चार किल्ल्या आहेत.

आमच्या आज्याच्या काळात ऊसतोड नव्हती. गाव रिकामं व्हायचं ते प्लेगात. उंदीर पडला की घरं सोडायची, रानात खोपी घालून राहायचं. आज्या सांगायचा, तेव्हा घराला कुलूप घालायची कुणाला सुद नव्हती, आणि चोर तरी कुठला येतोय, त्यालाही जीव प्यारा.

एरवी गावाची राखण जागल्याकडं असायची. रात्रभर हाळी देत फिरायचं, परका माणूस आला तर पाटलाला खबर द्यायची, चोरी झाली तर माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला की जबाबदारी त्या गावावर, नाही गेला तर आपल्याच गावानं नुकसान भरून द्यायचं, असा जुना कायदा होता. हे काम बहुतेक ठिकाणी महारांकडं, कुठं रामोशांकडं, कुठं मांगांकडं. ज्या माणसाच्या भरवशावर गाव झोपायचं, त्याला त्याच गावातल्या घराचा उंबरा ओलांडू द्यायचे नाहीत. लहानपणी हे कधी खटकलं नाही, कारण तसंच बघत आलो. आता लिहिताना खटकतं. बाबासाहेबांनी १९२८ सालीच महार वतनाच्या कायद्यात बदल करायचं बिल मुंबईच्या कौन्सिलात मांडलं होतं. जुन्या मुंबई इलाख्यात ही वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. आमच्याकडं निजामाचं राज्य १९४८ ला संपलं आणि हळूहळू जागल्याही गेला. मग राखण आली शेजाऱ्यावर.

तिकडं १९५० साली प्रवरेला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मागोमाग नगर, सांगली, कोल्हापूरकडं धुराडी वाढली. उसाला तोडणारे हात पाहिजे होते, आमच्याकडं हाताला काम पाहिजे होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी माणसांची मोजणी सुरू झाली.

आमच्या शेजारचे नाना-नानी आळीत सगळ्यात आधी जाणाऱ्यांतले. बैलगाडी घेऊन जायचे. त्यांची किल्ली आमच्या मायकडं असायची. किल्ली घेणं म्हणजे नुसती ठेवणं नव्हे. सांजेला उंबऱ्यावर दिवा लावायचा, आठवड्याला झाडायचं, घुशीनं भिंत पोखरली का बघायचं, माळवदाला भेग पडली तर पांढरी माती टाकायची. भेगेतून पाणी मुरलं की आतलं लाकूड कुजतं आणि सगळं धाबं खाली येतं. दिव्याचं मात्र कधी चुकवायचं नाही, असं माय म्हणायची. अंधारं घर लांबून कळतं.

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. पाऊस नव्हताच, रब्बीची पेरणी झाली नाही, त्यामुळं नानांच्या कणगीत बियाण्याची ज्वारी तशीच राहिली होती, असंल तीनेक पायली. नाना-नानी कारखान्याला. अण्णा आणि माय पाझर तलावाच्या कामावर. खायला मिलो, ती अमेरिकेची लाल ज्वारी, आणि कामावरची सुकडी. माझ्या धाकट्या बहिणीच्या पोटात मिलोची भाकर ठरत नव्हती. पोरगी नुसती वाळत चालली होती.

एका रात्री अण्णा झोपल्यावर माय उठली. मला म्हणाली, "चिमणी धर." आम्ही नानांचं कुलूप काढून आत गेलो. मायनं कणगीत हात घातला आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग शेरानं मापून काढली, एक शेर. पंधरा दिवसांनी आणखी एक. पोरगी त्या पेजेवर उठली हे खरं आहे.

नानी आल्या त्याच दिवशी माय त्यांच्याकडं गेली. "नानी, तुमच्यातली दोन शेर ज्वारी काढली म्या. पोरीसाठी." नानी म्हणाल्या, "काढली तर काढली, माझं लेकरू असतं तर म्या न्हाई काढली?" पुढच्या साली पाऊस झाला, पीक आलं, मायनं दोन शेराच्या जागी एक पायली नेऊन दिली. नानींनी ती मापून घेतली. दसऱ्याला त्यांची किल्ली आमच्याकडं आली नाही, पलीकडच्या घरी गेली.

अण्णाला तेव्हा सगळं कळलं. चार दिवस ते मायशी बोलले नाहीत. नंतर बोलले ते एवढंच, "मला सांगितलं असतं तर म्या नको म्हणलं असतं." माय म्हणाली, "म्हणूनच न्हाई सांगितलं."

बहीण आजही नानींचं नाव काढलं की तोंड फिरवते. मला तसं वाटत नाही. बियाणं म्हणजे पुढचं साल. गरिबाला दुसऱ्याचं दुःख कळतं, तरी मापावं लागतंच.

चार वर्षं किल्ली तिकडंच होती. एका माघात रात्रीतून अवकाळी आला, गाराही पडल्या. पलीकडचे लोक लग्नाला परगावी गेलेले. अण्णांनी मला उठवलं, "नानाच्या धाब्याचा उगवतीचा कोपरा कच्चा हाय." आमच्या माळवदावरून त्यांच्या माळवदावर चढलो. किल्ली नव्हती, पण वरच्या कामाला किल्ली कशाला लागते? पोतं पांघरून, टोपल्यानं माती टाकायची आणि पायानं दाबायची, पहाटेपर्यंत तेच केलं. अण्णांना त्यानंतर आठ दिवस ताप होता.

नानांना कुणी सांगितलं माहीत नाही, आम्ही नव्हतं सांगितलं. पुढच्या दसऱ्याला सोनं द्यायला आले, मायच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, खाली किल्ली. "वहिनी, धरा." माय काही बोलली नाही. किल्ली खिळ्याला लावून चहा टाकायला आत गेली.

आता हे चौघंही नाहीत. नानांचा मुलगा कोयता घेऊन जातो. माळवद जाऊन पत्रे आले, त्यामुळं राखण सोपी झाली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि तो बायकापोरांसह कारखान्यावरच अडकला. एप्रिलच्या मध्यानंतर सरकारनं परवानगी दिली तेव्हा आला, पण गावानं वेशीवरच अडवून शाळेत ठेवलं, चौदा दिवस. गावात मीही होतो, मीही काही बोललो नाही. भीती सगळ्यांनाच होती.

शाळेच्या मैदानातून त्याचं घर समोर दिसतं. दुसऱ्या दिवशी डबा ठेवायला गेलो तर लांबूनच ओरडला, "काका, सांजच्याला दार उघडं ठेवत जावा. पोरांना घर दिसतंय, दार लावलेलं बघून रडत्यात."

चौदा दिवस मी संध्याकाळी दार उघडून, झाडून, दिवा लावून ओसरीवर बसायचो. समोर शाळेच्या भिंतीवर पोरं ओळीनं बसायची. धाकटी हात हलवायची, मी हलवायचो.

पंधराव्या दिवशी किल्ली द्यायला गेलो. म्हणाला, "राहू द्या की काका तुमच्याकडंच एक. दसऱ्याला परत द्यायचीच हाय."