‘सुखरूप पोचलो’चा मागोवा

पेशवाईत बरोबरीच्या माणसाला लिहिलेली पत्रं पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. फौजेचा, वसुलीचा, कर्जाचा विषय निघण्याआधी मायन्यात एक मागणी असते: येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे. मग ‘विशेष’, आणि त्यानंतर कामाचं. इतिहासाच्या शोधात निघालेला वाचक हा मायना ओलांडून पुढे जातो, कारण त्यात बातमी नसते. मला तोच थांबवतो. जासुदानं मजल दरमजल करत आणलेल्या कागदावर पहिला मान या बिनकामाच्या चौकशीचा होता. ‘जेवलास का?’, ‘पोचलीस का?’, ‘उठलो आत्ताच’ असं आज आपण दिवसभर फोनवर लिहितो, त्याचं घराणं इतकं जुनं आहे.

ही चौकशी सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली ती पोस्टकार्डानं. ऑस्ट्रिया-हंगेरीत १८६९ साली निघालेलं कार्ड १८७९ मध्ये हिंदुस्थानात आलं. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. पुढच्याच वर्षी पोस्टानं मनिऑर्डरीचं काम हाती घेतलं. गिरणगावातला चाकरमानी आणि कोकणातलं त्याचं घर यांच्यामध्ये पुढे कित्येक वर्षं याच दोन कागदांची ये-जा होती. कार्ड उघडं. पोस्टमनच ते वाचून दाखवायचा, ओटीवर चार माणसं ऐकायला असायची. तिथे नवरा-बायकोचं मन कसं मोकळं होणार? मग उरायचं ते असं: आम्ही खुशाल आहोत, पाऊस लागला का, गाय व्याली का, पोराचा खोकला कसा आहे. मनिऑर्डरीच्या कुपनावर तर दोन ओळींचीच जागा. पैसे मोजून झाले तरी ते कुपन घरात जपून ठेवलं जायचं. कार्डाचा कोपरा फाडलेला दिसला म्हणजे मरणाची बातमी; ते न वाचताच रडू फुटायचं. बाकीची सगळी कार्डं कोपरा शाबूत असल्याचीच बातमी घेऊन यायची, आणि ती बातमी क्षुल्लक नव्हती.

तारेनं मात्र ही चौकशी गाळली. शब्दावर पैसे मोजायचे म्हटल्यावर खुशालीला कोण शब्द देणार? म्हणून दारात तारवाला दिसला की पोटात गोळा यायचा. ट्रंककॉल आणि पुढे एसटीडीलाही असेच पैसे मोजावे लागत, पण तिथे चौकशी तगली. रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा, म्हणून बूथसमोर रांग लागायची. आत मीटरवर लाल आकडे पळत असायचे आणि माणूस ओरडून विचारायचा, ‘जेवण झालं का?’ एवढे पैसे मोजून हेच विचारायचं का, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की पैसे मोजूनही लोक हेच विचारत होते. १९९५ मध्ये मोबाइल आला तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. त्यावर लोकांनी मिस्ड कॉल शोधला. गाडीतून उतरलं की एक रिंग द्यायची आणि ठेवून द्यायचा. घरच्यांनी उचलायचा नाही. ‘पोचलो’ एवढं फुकटात कळायचं.

इथे या वंशावळीत एक विलक्षण धागा सापडतो. १९८५च्या सुमारास जर्मनीतले दूरसंचार अभियंते फ्रीडहेल्म हिलेब्रांड बॉनमध्ये टंकलेखन यंत्रावर मनाला येतील ती वाक्यं लिहून त्यांतली अक्षरं मोजत होते. फोनवरच्या छोट्या संदेशाला किती जागा पुरेल, हा प्रश्न होता. बहुतेक वाक्यं १६० अक्षरांत बसली. या आकड्याला आधार म्हणून त्यांनी पोस्टकार्डांकडे पाहिलं, तर तिथला मजकूर बऱ्याचदा १५० अक्षरांच्या आतच होता. म्हणजे एसएमएसच्या मापाला कार्डावरच्या मजकुराची साक्ष मिळाली. देवनागरीच्या वाट्याला मात्र ७०च अक्षरं आली, आणि ‘जेवलास का’ रोमन लिपीत लिहायची सवय मराठी बोटांना एसएमएसच्या काळात लागली. २००६ मध्ये निघालेल्या ट्विटरनं त्या १६०तली वीस नावासाठी राखून १४०ची मर्यादा घातली. त्याचा सुरुवातीचा प्रश्न होता, तुम्ही काय करताय? व्हॉट्सॲपही २००९ मध्ये गप्पांसाठी निघालं नव्हतं. त्याचे निर्माते यान कूम यांना फक्त नावापुढे अवस्था दाखवायची होती: फोनवर आहे, बॅटरी संपत आलीय, व्यायामशाळेत आहे. अवस्था बदलली की मित्रांना सूचना जाऊ लागली, तशी मंडळी त्यातूनच ‘उशिरा उठलो’, ‘निघालोय’ असं एकमेकांना कळवू लागली. संवाद तिथून सुरू झाला.

ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं १९२३ मध्येच अशा बोलण्याचं मोल मांडलं होतं. ट्रोब्रिअंड बेटांवर राहून आलेल्या या अभ्यासकाच्या मते हवापाण्याच्या, ख्यालीखुशालीच्या शब्दांचं काम माहिती देणं नसतंच, माणसं जोडणं हे असतं. मला ते पूर्ण पटतं. रिकामटेकडेपणा म्हणून या गप्पांना नाक मुरडणाऱ्यांनी आपल्याच आजीचं एखादं कार्ड काढून पाहावं. त्यात गाय, पाऊस आणि खोकला याखेरीज फारसं काही सापडणार नाही.

तक्रार करायचीच तर ती वेगळी आहे. पेशवाईतल्या त्या वाक्याला दोन अंगं होती: आमचं कुशल जाणा आणि तुमचं लिहा. सकाळी दोनशे जणांना एकदम जाणाऱ्या फुलांच्या चित्रात पहिलं अंग शाबूत असतं. पाठवणारा उठलाय, बरा आहे, हे कळतं, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तेही थोडं नाही. अशा चित्रांनी फोन इतके भरले की २०१८ मध्ये गूगलला ती शोधून पुसायची सोय काढावी लागली. पण त्या चित्रात दुसरं अंग नसतं. ते कुणाला काही विचारत नाही. ‘गुडघा कसा आहे?’ हे दोनशे जणांना एकदम विचारता येत नाही. त्यासाठी गुडघा कुणाचा दुखतोय ते माहीत असावं लागतं, आणि काल काय उत्तर आलं होतं तेही.