भेदरं कशानं मुरडलं?

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. शुक्रवारची संध्याकाळ, हिंजवडीत एका रिलीजच्या गडबडीत होतो आणि काकांचे एकामागून एक अकरा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले. सगळे टोमॅटोच्या झाडांचे. पानं मुरडलेली, शेंडे वाकडेतिकडे. खाली एकच ओळ : "पाय बरं गुगलवर, काय झालं याले."

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर, चिखली-मेहकरच्या मधे कुठेतरी. (आमचा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन तुकड्यांत आहे. बाहेरच्यांना मात्र शेगाव आणि लोणार सोडून तिसरं नाव आठवत नाही. असो.) सोयाबीन, पऱ्हाटी, रब्बीत गहू-हरभरा आणि विहिरीला पाणी असलंच तर अर्धा एकर भाजीपाला. टोमॅटोला आमच्याकडची म्हातारी माणसं अजूनही भेदरं म्हणतात. फोटोतलं भेदरं खरोखरच भेदरलेलं दिसत होतं :)

गुगलबाबाने अर्ध्या सेकंदात निकाल दिला, लीफ कर्ल व्हायरस. कृषी केंद्रवाल्याचाही तोच निकाल होता : बोकड्या आहे, पांढरी माशी मारा. काकांनी दोन फवारण्या मारूनही झाल्या होत्या. फरक शून्य. मग संशय गेला बांधापलीकडच्या शेजाऱ्यावर. त्याने गव्हात तणनाशक मारलं, ते वाऱ्यानं आपल्या वावरात आलं. भांडण झालं, बोलणं बंद. काकू फोनवर हळूच म्हणाली, "भेदऱ्याचं काई नाही रे, पण मार्चमधी त्याइच्या पोरीचं लगन हाये." त्या पोरीला काकूने अंगाखांद्यावर खेळवलंय. एवढं ऐकल्यावर रात्रीची बस पकडणं भाग होतं.

बसमध्ये झोप लागत नाही, त्यामुळे वाचत बसलो. आणि लक्षात आलं की या मुरडलेल्या पानाला एक नाही, दोन इतिहास आहेत. दोन्ही एकाच सुमारास घडलेले, पण एकमेकांशी काहीही संबंध नसलेले.

पहिला इतिहास माशीचा. १८८९ साली ग्रीसमध्ये गेनाडियस नावाच्या माणसाने तंबाखूच्या पानाखाली सापडलेल्या एका बारक्या पांढऱ्या किड्याची नोंद केली. तीच आपली पांढरी माशी. आपल्याकडे बिहारमधल्या पुसा इथे इंपीरियल कृषी संशोधन संस्था होती. १९३४च्या भूकंपात तिची इमारत उद्ध्वस्त झाली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला गेली (दिल्लीतल्या त्या भागालाही लोक पुसाच म्हणतात, हे मला इतकी वर्षं कोडं होतं). याच काळात हेमसिंग प्रुथी आणि सॅम्युअल यांनी उत्तर भारतात तंबाखूचं पान का मुरडतं याचा पाठपुरावा केला आणि धागा पांढऱ्या माशीपर्यंत नेला. टोमॅटोवर वासुदेव आणि सॅम राज यांचा निबंध आला १९४८ साली. माशी आजारी झाडाचा रस पिते, मग निरोगी झाडावर बसते, आणि विषाणू तिच्यासोबत जातो.

विषाणू दिसायला आणखी बरीच वर्षं गेली. १९७७ मध्ये अमेरिकेत गुडमन यांनी घेवड्यावरच्या अशाच एका विषाणूत एकपदरी डीएनए असल्याचं दाखवलं. या कुळाचे कण जोडीजोडीने चिकटलेले असतात, म्हणून नाव पडलं जेमिनी, म्हणजे जुळे. दिल्लीच्या टोमॅटोवरच्या विषाणूची पूर्ण अक्षरमाला १९९५ मध्ये छापून आली. दोन तुकडे, प्रत्येकी साधारण २७०० अक्षरं. इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. म्हणजे अख्खा प्रोग्रॅम साडेपाच हजार अक्षरांचा! तुम्ही वाचताय तो लेख त्याच्याच आसपास भरेल, आणि याने काहीही मुरडत नाही.

आता दुसरा इतिहास, आणि खरं सांगायचं तर मला हाच जास्त चटका लावून गेला.

१८८०च्या पुस्तकात डार्विनने लिहून ठेवलं होतं की गवताचा कोंब प्रकाशाकडे वळतो तेव्हा शेंड्याकडून खाली काहीतरी निरोप जातो. १९२६ मध्ये नेदरलँड्समध्ये वेंट या तरुण संशोधकाने तो निरोप पकडला. वाढीचं संप्रेरक, ऑक्झिन. मग ते कृत्रिमरीत्या बनवायची शर्यत लागली. न्यूयॉर्कजवळच्या बॉइस थॉम्पसन संस्थेत झिमरमन आणि हिचकॉक ही जोडी एकेक रसायन झाडाला देऊन बघायची, आणि ते झाड कोणतं? टोमॅटो. टोमॅटो या रसायनांना इतका हळवा की नुसता वास लागला तरी देठ खाली वाकतात, पानं चिंचोळी होतात. किती मुरडलं यावरून रसायन किती जोरदार ते ठरवायचं. १९४२च्या त्यांच्या निबंधात एक नाव होतं, २,४-डी.

म्हणजे झाडाचं मुरडणं हा तिथे रोग नव्हता. ते मोजमाप होतं.

पुढचं युद्धाने केलं. शिकागोचे प्राध्यापक क्राउस यांनी सुचवलं की हे जास्त मात्रेत दिलं तर शत्रूचं पीक मारता येईल. अमेरिकी लष्कराच्या कॅम्प डेट्रिकमध्ये हजारावर रसायनं तपासली गेली. ब्रिटनमध्ये याच गटातल्या रसायनांवर वेगळं, तेही गुप्त काम चालू होतं. दुसऱ्या महायुद्धात ते वापरायची वेळ आली नाही, पण १९४५ मध्ये तेच २,४-डी अमेरिकेत तणनाशक म्हणून दुकानात आलं. (व्हिएतनामवर फवारलेल्या एजंट ऑरेंजमध्ये निम्मं हेच होतं. डायऑक्सिनचं विष मुख्यतः उरलेल्या निम्म्यातून, २,४,५-टीमधून आलं.) याची खुबी अशी की गव्हासारख्या गवताला ते फारसं काही करत नाही, रुंद पानाच्या तणाला मारतं. गव्हातला चंदन बटवा जातो, गहू राहतो. पण टोमॅटो रुंद पानाचा. पऱ्हाटी रुंद पानाची.

पहाटे उतरलो. चहा घेऊन थेट वावरात. फोटोत पानं दिसतात, वावर दिसत नाही, आणि खरी गोम तिथेच होती.

बोकड्या असता तर आजारी झाडं विखुरलेली सापडली असती. इथं एक, तिथं दोन, दर आठवड्याला थोडी जास्त. पानाच्या कडा वर वळून वाटीसारख्या, पिवळसर, झाड खुजं आणि झुडपासारखं. पान उलटून हलवलं की पांढऱ्या माशा उडतात. नुसत्या उन्हाने किंवा पाण्याच्या ओढीने वळलं असतं तर खालची पानं सुरळीसारखी झाली असती आणि शेंडा ठणठणीत राहिला असता. इथे उलटं. शेंडेच पिळलेले, नवी पानं दोरीसारखी, शिरा एकमेकींना चिकटून समांतर. काका पाहून म्हणाले, "पऱ्हाटीचं पान असंच भेंडीवानी होते ना." हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच शेजाऱ्यावर संशय.

पण मग वाऱ्याने आलं असतं तर शेजाऱ्याच्या बांधाकडे जास्त आणि इकडे कमी कमी दिसायला हवं. मी ओळी मोजत गेलो. विहिरीकडून पहिल्या पाच ओळी पार गेलेल्या. सहावी अर्ध्यापर्यंत गेलेली, आणि मग एकदम बरी. तिथून अकराव्या ओळीपर्यंत किंचित वाकडेपणा. पुढे काही नाही. आणि शेजाऱ्याचा बांध त्या चांगल्या टोकाला!

वारा ओळीच्या मधोमध थांबत नाही. माशीही थांबत नाही. ओळीच्या मधोमध थांबतो तो पाठीवरचा पंप, रिकामा झाल्यावर.

"काका, फवारणी कुठून सुरू करता?"

"विहिरीपासून. पाणी तिथीच हाये ना."

"आणि एका पंपात किती ओळी होतात?"

काका बोलले नाहीत. बांधावर बसले. मग म्हणाले, "साडेपाच." आणि जरा वेळाने, "गव्हाले टू फोर डी मीच मारलं होतं बापू. याच पंपानं. धुतला होता मी, एकडाव."

एकदा धुवून ते जात नाही. रबरी नळीत, वॉशरमध्ये राहतं, आणि टोमॅटोला त्यातला अंशही पुरतो. पहिल्या पंपाने बहुतेक सगळं धुऊन झाडांवर ओतलं, दुसऱ्याने उरलेलं. ऑफिसात आम्ही लॉग बघतो, कुठल्या मिनिटाला काय फाटलं ते. इथे ओळी म्हणजेच लॉग होता, काकांनी स्वतः लिहिलेला.

चूक ओळखायला लागणारा हा उशीर काकांचाच नाही म्हणा. २०२० च्या मे महिन्यात जुन्नर, संगमनेर, अकोले भागात टोमॅटोवर रंगाचे पट्टे यायला लागले. लोकांनी त्याला 'तिरंगा' नाव ठेवलं, कोणी बियाण्याला दोष दिला, कोरोनाच्या दिवसांत अफवा उठल्या त्या वेगळ्याच. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेत नमुने तपासल्यावर कुकुंबर मोझॅक विषाणू निघाला. तोवर भाव पडायचा तो पडला होता.

पहिल्या पाच ओळी उपटल्या. सहावी ते अकरावी ठेवल्या, महिनाभराने त्यांना सरळ शेंडे फुटले, थोडीफार फळंही लागली. काकांनी चिखलीहून नवा पंप आणला आणि जुन्यावर लाल ऑइलपेंटने 'फक्त तन' असं लिहिलं. ण चुकलाय, पण मी काही बोललो नाही.

शेजाऱ्याकडे मात्र काका लगेच गेले नाहीत. काकू गेली, वाडगंभर भेदरं घेऊन, बाराव्या ओळीतलं. लग्नात काका वाढायला उभे होते, आणि दोघं बोलत होते, म्हणजे नवरदेवाची गाडी कुठे लावायची एवढ्यापुरतं तरी.