लोणार सरोवर : पाणपक्ष्यांची परिस्थितिकी

बुलढाणा जिल्ह्यात, बेसाल्ट खडकात अशनिपाताने बनलेल्या विवरातील खारे व अल्कधर्मी सरोवर. स्थानिक पाणपक्षी व हिवाळी पाहुणे यांचा अधिवास. विवराचा व्यास सुमारे १.८ किमी. वयाबाबत मतभेद आहेत : तप्तदीपन पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षे, तर अरगॉन-अरगॉन पद्धतीने सुमारे ५,७०,००० वर्षे.

पाणी व अन्नसाखळी : सरोवरातून बाहेर वाहणारा प्रवाह नाही. पावसाचे व झऱ्यांचे पाणी आत येते, मुख्यतः बाष्पीभवनाने जाते आणि क्षार मागे राहतात. त्यांत सोडियमचे कार्बोनेट व क्लोराइड प्रमुख असून सामू १० च्या आसपास असतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की काठावर क्षारांचा पांढरा थर उघडा पडतो. पूर्वी हे क्षार गोळा केले जात. त्यांच्या प्रकारांना दल्ला, पापडी, भुस्की अशी नावे होती. पाण्याला हिरवा रंग देणारी स्पिरुलिनासारखी नील-हरित शैवले येथील मुख्य उत्पादक होत. त्यांवर रोटिफर व कीटकांच्या अळ्या पोसतात. मासे या पाण्यात सहसा जगत नाहीत. त्यामुळे मत्स्याहारी पक्ष्यांना येथे फारसे काही मिळत नाही. पाणी गाळून किंवा चिखल टोचून खाणाऱ्यांचे मात्र भागते. अशा पक्ष्यांनाही पिण्यासाठी व पिसे धुण्यासाठी गोडे पाणी जवळ लागते. धार, रामगया येथील झरे ही गरज भागवतात.

गुलाबी रंग : जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने याचे कारण क्षारप्रिय आर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले. पातळी घटून क्षारता वाढल्याने ते फोफावले होते. नमुना स्थिर ठेवताच गुलाबी जीवभार तळाशी बसून वरचे पाणी नितळ झाले.

पक्षी : सुमारे १६० जातींची नोंद आहे. उथळ काठावर शेकाट्या, टिटवी, तुतवार व धोबी. पाण्यावर टिबुकली, चक्रवाक व थापट्या. छोटी लालसरी आणि पांढऱ्या मानेचा करकोचा यांचा उल्लेख रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्रांच्या यादीतील नोंदीत आहे. रोहित अधूनमधून उतरल्याच्या नोंदी आहेत. डोळ्यांवरील लवणग्रंथींतून तो जादा मीठ नाकपुड्यांवाटे बाहेर टाकतो.

रोग : लोणारप्रमाणेच खाऱ्या असलेल्या राजस्थानातील सांभर सरोवरावर नोव्हेंबर २०१९ मध्ये बोटुलिझमने हजारो स्थलांतरित पक्षी दगावले.



संरक्षण : गावाचे सांडपाणी आणि काठावर माजलेली वेडी बाभूळ या जुन्या अडचणी आहेत. सन २००० मध्ये वन्यजीव अभयारण्य घोषित. २०२० मध्ये ४२७ हेक्टर क्षेत्राचा रामसर यादीत समावेश झाला. नांदूर मध्यमेश्वरनंतर हा दर्जा मिळालेले हे राज्यातील दुसरे पाणथळ क्षेत्र होय.